पहिलं नऊ एमएम, बेताच्या पैशांत: वाचकांचे प्रश्न

नऊ एमएमचं, म्हणजे नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीचं, पिस्तूल घ्यायचं ठरवलेल्या, पण दुकानात गेल्यावर गोंधळलेल्या वाचकांची पत्रं जमत गेली. बहुतेक अमेरिकेतली आहेत, एक नाशिकचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. किमती अमेरिकी दुकानांतल्या आणि ढोबळ धराव्यात.

प्रश्न: ग्रीन कार्ड झालं आहे. खर्चाला सहाशे डॉलर ठेवलेत. घरासाठी आणि नेमबाजीच्या रेंजवर शिकण्यासाठी एकच नऊ एमएम पिस्तूल हवं आहे. दुकानात दोनशेपासून हजारापर्यंत सगळं दाखवतात. काय घ्यावं? (प्लेनो, टेक्सस)

सहाशे पुरतात, पण सहाशेचं पिस्तूल घेतलंत तर पुरणार नाहीत. आधी बाकीचा हिशेब मांडा. पिस्तूल ३२० चं धरलं तर तुमच्याकडच्या सव्वाआठ टक्के विक्रीकराचे २६ झाले. कानावरचे मफ आणि चष्मा ३५, कुलपाची पेटी ४५, साफसफाईचा संच २०. तीनशे गोळ्या, २६ सेंटला एक या भावाने, ८० च्या आसपास. बेरीज ५२६. उरलेले सत्तरेक डॉलर पहिल्या प्रशिक्षण वर्गाला लावा. थोडे कमी पडले तर मफ स्वस्तातले घ्या, पण वर्ग सोडू नका. पिस्तुलात पैसे ओतून गोळ्यांना हात आखडणाऱ्यांचं पिस्तूल दोन वर्षांनीही नवंकोरं असतं आणि नेम पहिल्या दिवसाइतकाच वाईट.

आता आकार. पहिलं पिस्तूल मध्यम आकाराचं असावं: नळी चार इंचांच्या आसपास, मुठीवर तिन्ही बोटं पूर्ण बसतील इतकी लांबी, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) १५ च्या आसपास गोळ्या. या मापाचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे १९८८ साली आलेलं ग्लॉक १९. नळी १०२ मिलिमीटर, गोळ्या १५. नवं घ्यायला पाचशेच्या वर जातं, म्हणजे तुमच्या हिशेबात बसत नाही. पण त्याच मापाची स्वस्त पिस्तुलं आहेत.

स्मिथ अँड वेसनचं एसडी९ २.० साधं आणि भरवशाचं आहे. त्याच्या आधीच्या एसडी९ व्हीई या मॉडेलचा चाप फार जड होता, साडेतीन किलोच्या आसपास, त्यामुळे जुनं स्वस्त मिळालं तरी आधी चाप ओढून बघा. रुगरच्या सिक्युरिटी-९ मध्ये आत लपलेला घोडा असतो, त्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढायला जरा हलकी जाते. टॉरस जी३ या रांगेतलं सर्वांत स्वस्त, तीनशेच्या आत. त्यात एक सोय आहे: गोळी फुटली नाही तर चाप पुन्हा ओढून दुसरा ठोका देता येतो. रेंजवर या सोयीचा उपयोग करू नये असं आमचं मत (का, ते खाली बिघाडांच्या उत्तरात). तुर्कस्तानातल्या कानिकचा चाप या सगळ्यांत चांगला, पण साधारण चारशे पडतात. चारशेपर्यंत ताणता येत असेल तर रुगरचं आरएक्सएमही बघा. ग्लॉकची तिसऱ्या पिढीची मॅगझिनं आणि बरेचसे सुटे भाग त्यात चालतात, हा फायदा पुढे दहा वर्षं पुरतो.

दोनशेच्या आतलं हाय-पॉइंट सी९ म्हणाल, तर ते चालतं. लोक हसतात तितकं वाईट नाही. पण त्याची नळी स्लाइडशी कुलूपबंद होत नाही. स्फोटाचा जोर नुसत्या स्लाइडच्या वजनानं आणि स्प्रिंगनं सोसायचा, म्हणून स्लाइड बोजड, एकूण वजन आठशे ग्रॅमच्या पुढे आणि गोळ्या फक्त आठ. खोलायला पिन ठोकून काढावी लागते. नवशिक्याला साफसफाईचाच कंटाळा येईल असं पिस्तूल आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न: माझा हात लहान आहे. दुकानदार म्हणतो बायकांसाठी छोटंच पिस्तूल बरं. पण मला स्लाइड ओढताच येत नाही. (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

दुकानदाराचा हा सल्ला जुना आणि चुकीचा आहे. गोळी तीच, तिचा दाबही तोच. पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त. त्यातून छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी असते, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक घालावी लागते. तुम्हाला ओढवत नाही ती हीच स्प्रिंग. रुगर ईसी९एस या स्वस्त छोट्या पिस्तुलाचंच उदाहरण बघा: वजन पाचशे ग्रॅमच्या आत, नळी ७९ मिलिमीटर, गोळ्या सात, आणि नेमाच्या खुणा स्लाइडमध्येच कोरलेल्या, म्हणजे बदलायची सोय नाही. खिशात ठेवायला ठीक, शिकायला शिक्षा. पन्नास गोळ्यांनंतर पंजा दुखतो, दुसऱ्या खेपेला माणूस चाप ओढण्याआधीच दचकायला लागतो, आणि ही सवय मोडायला महिने जातात.

बहुतेकांची अडचण ताकदीची नसते, पद्धतीची असते. पिस्तूल समोर लांब धरून चिमटीनं स्लाइड ओढू नका. ते छातीजवळ आणा, नळीचं तोंड रेंजच्या दिशेलाच राहू द्या, बोट चापाबाहेर. डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून घट्ट बसवा. मग स्लाइड मागे ओढण्यापेक्षा उजव्या हातानं मूठ पुढे ढकला. टोकाला पोचली की सोडून द्या. तिच्याबरोबर हात पुढे नेलात तर गोळी अर्धवट बसते. दुकानात पिस्तूल रिकामं आहे हे दुकानदाराला दाखवायला सांगून पाच वेळा करून बघा.

हात लहान आहे म्हणजे पाहायचं काय, तर चापापर्यंतचं अंतर. पिस्तूल असं धरा की नळी आणि तुमचा कोपरापुढचा हात एका रेषेत येतील. आता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर आला पाहिजे. तिथे पोचायला मूठ हातात फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही. मुठीचे मागचे पट्टे बदलता येणारी मॉडेलं इथे कामी येतात. एवढं करूनही स्लाइड जड वाटली, सांधे दुखत असले किंवा संधिवात असला, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघा. नऊ एमएममध्ये ते २०२० साली आलं; स्लाइड हलकी, गोळ्या आठ, किंमत साडेचारशेच्या आसपास. रेंजवर भाड्यानं मिळालं तर आधी पन्नास गोळ्या झाडा, मग ठरवा. भाड्याचे पंधरा-वीस डॉलर या सगळ्या व्यवहारातले सर्वांत सत्कारणी लागणारे.

प्रश्न: मी एच-वन बीवर आहे. घरी येणाऱ्या आईवडिलांनाही एकदा रेंजवर न्यायचं आहे. अडचण येईल का? (ऑस्टिन)

येईल, आणि मोठी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. एच-वन बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन आणि पर्यटक व्हिसा, सगळे यात आले. टेक्सस बंदुकांबाबत सैल राज्य आहे म्हणून ही मनाई सैल होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर यातल्या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ग्रीन कार्डाच्या अर्जाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

कायद्यात अपवाद आहेत. सर्वांत जास्त बोलला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणं. ‘मित्रानं तसंच केलं’ एवढ्यावर विसंबून पुढे जाऊ नका. कागद स्थलांतराच्या वकिलाला दाखवा. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं म्हणजेही ताबा, त्यामुळे आईवडिलांचा बेत रद्द करा. त्यांना काचेच्या आतून बघू द्या.

हाच मुद्दा घरातल्या घरातही येतो. नवरा नागरिक आणि बायको अजून व्हिसावर, किंवा उलट, असं असेल तर पेटीचा आकडा ज्याला परवानगी आहे त्याच्याकडेच असू द्या.

प्रश्न: तेच पिस्तूल टेक्ससमधल्या भावाला ३२० ला मिळालं, मला फ्रीमाँटमध्ये (कॅलिफोर्निया) मिळतच नाही. भावानं घेऊन दिलं तर? एडिसनचे (न्यू जर्सी) एक वाचकही असंच विचारतात.

भावानं ‘घेऊन देणं’ विसरा. खरेदीच्या वेळी दुकानात भरायच्या केंद्रीय फॉर्म ४४७३ वर पहिल्या प्रश्नांतच, खरा खरेदीदार तुम्हीच का, असं विचारतात. दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्यासाठी घेऊन ‘हो’ लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिवाय हँडगन दुकानातून आपल्या राहत्या राज्यातच घेता येते. दुसऱ्या राज्यातून मागवलीत तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात येते आणि तुमच्या राज्याचे नियम तिथे लागू होतात.

कॅलिफोर्नियात दुकानदाराला नवी हँडगन विकायची तर ती राज्याच्या मंजूर यादीत असावी लागते. स्वस्त मॉडेलं त्या यादीत कमीच. म्हणून उलट्या क्रमानं जा: आधी न्यायखात्याच्या संकेतस्थळावर यादी बघा, मग त्यातलं परवडणारं निवडा. सुरक्षा प्रमाणपत्राची छोटी लेखी परीक्षा आहे. खरेदीनंतर दहा दिवस थांबावं लागतं, मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून बंदुका-गोळ्यांवर नेहमीच्या विक्रीकराच्या वर ११ टक्के कर आहे. सहाशेत बसवायचं तर तुम्हाला पिस्तूल तीनशेच्या आसपासच शोधावं लागेल, नाहीतर आकडा साडेसातशेवर न्यावा लागेल.

न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी पोलिसांकडून वेगळा खरेदी परवाना. तीस दिवसांत एकच. तिथेही मॅगझिन दहाचंच. दहाची मर्यादा असलेल्या राज्यात १५ गोळ्यांच्या जाड मुठीला अर्थ उरत नाही, त्यामुळे हात लहान असेल तर सडपातळ मॉडेलांकडे जरूर बघा. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्डाशिवाय (राज्याचं बंदूकमालक ओळखपत्र) दुकानात गोळ्याही मिळत नाहीत.

प्रश्न: खरेदीच्या वेळच्या पार्श्वभूमी तपासणीत ‘विलंब’ आला. माझ्यावर साधा वाहतुकीचा दंडही नाही. (नेपरव्हिल)

बहुधा नाव. पासपोर्टावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, ग्रीन कार्डावर ते पहिल्या नावालाच चिकटलेलं, आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव एकाच कागदावर: आपल्याकडे हे घरोघरी आहे. फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहायचं असतं. मधलं नाव खरोखर नसेल तर तशी नोंद करायची, जागा कोरी सोडायची नाही. पत्ता राहता हवा, टपाल पेटीचा चालत नाही. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदला. ग्रीन कार्डधारकांनी कार्डावरचा क्रमांक सोबत न्यावा.

दर वेळी विलंब येत असेल तर एफबीआयकडे स्वेच्छा नोंद करून यूपीआयएन नावाचा क्रमांक मागता येतो. पुढच्या खरेदीत तो फॉर्मवर लिहिला की नामसाधर्म्याचा घोळ टळतो. आणि गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, आणि फॉर्मवर तसं छापलेलं आहे.

प्रश्न: पोलिसांनी बदलून टाकलेली जुनी पिस्तुलं स्वस्त मिळतात म्हणे. घ्यावीत का? तपासायची कशी? (अटलांटा)

घ्यावीत. बेताच्या पैशांत हा आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. अशा पिस्तुलांची स्लाइड होल्स्टरमध्ये घासून पांढुरकी झालेली असते, पण झाडलेल्या गोळ्या अनेकदा कमीच. बरेच पोलीस वर्षातून ठरलेल्या दिवशीच रेंजवर जातात. मात्र कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, वाचा. कित्येक पोलीस दलांनी आधीची ४० कॅलिबरची पिस्तुलं सोडून नऊ एमएम घेतली, त्यामुळे बाजारात ४० चीच जास्त आणि फार स्वस्त असतात. ग्लॉक २२ स्वस्त दिसलं म्हणून उचललंत तर ते ४० आहे. गोळी महाग आणि धक्का जास्त.

तपासणी मालकाची परवानगी घेऊन, या क्रमानं. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, गोळीची खोली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीनं चाचपा. मग खोलून घ्या. नळीत मागून उजेड टाकून पुढून बघा: आतल्या पेचांच्या कडा धारदार हव्यात. मध्येच एखादी गडद, अंगठीसारखी रेघ दिसली तर तिथे कधीतरी गोळी अडकून मागून दुसरी झाडली गेली आहे. पिस्तूल तिथेच ठेवा. नळीच्या तोंडाशी ठोकलेल्या खुणा नकोत. चौकटीवरच्या, स्लाइड ज्यांवर सरकते त्या चारही पट्ट्या एकसारख्या घासलेल्या असाव्यात; एकच जास्त झिजली असेल तर काहीतरी वाकडं आहे. अनुक्रमांक खोडलेला किंवा पुन्हा कोरलेला असेल तर हातही लावू नका.

जोडल्यावर स्प्रिंगची परीक्षा. पिस्तूल रिकामं, तोंड सुरक्षित दिशेला वर, चाप दाबून धरलेला. स्लाइड मागे ओढून हळूहळू पुढे आणत सोडा. शेवटचा अर्धा सेंटिमीटर ती स्वतःहून पूर्ण बंद झाली पाहिजे. अडली तर स्प्रिंग दमली आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही, नवी दहा-वीस डॉलरला मिळते आणि मध्यम पिस्तुलात ती दर तीन ते पाच हजार गोळ्यांनी बदलायचीच असते. पण भाव पाडायला हे कारण वापरा. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली की ती मागे अडकून राहिली पाहिजे. मॅगझिनच्या वरच्या ओठांना चीर किंवा वाक असेल तर नवीन मॅगझिनचे तीसेक डॉलर हिशेबात धरा.

शेवटी अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून परत मागवलेल्या मालात तो नाही ना ते बघा. वर सुचवलेल्या शील्ड ईझीचंच उदाहरण: मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेली नऊ एमएमची पिस्तुलं कंपनीनं घोड्याच्या तपासणीसाठी परत मागवली होती. जुनं ईझी घेताना हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: ‘नऊ एमएम’ची किती नावं? आणि स्वस्त गोळ्या चालतात का? (सिअ‍ॅटल)

नऊ एमएम लुगर, पॅराबेलम, ९×१९, ही एकाच काडतुसाची नावं. ऑस्ट्रियन अभियंता गेओर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते घडवलं. ९×१८ माकारोव्ह, ९×२१ आणि ३८० ऑटो ही वेगळी. ३८० च्या खोक्यावर कधी ‘नऊ एमएम शॉर्ट’, ‘कुर्झ’ किंवा ‘कोर्टो’ लिहिलेलं असतं आणि तिथेच लोक फसतात. नळीवर जे कोरलंय, तेच खोक्यावर हवं.

सरावाला पितळी पुंगळीची, पूर्ण आवरणाची ११५ किंवा १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी घ्या. पन्नासचं खोकं तेरा-पंधरा डॉलरला, हजाराची पेटी घेतली तर दर पंचवीस सेंटच्या आसपास उतरतो. पोलादी पुंगळी आणखी स्वस्त, पण घरच्या पैशानं विकत घेण्याआधी रेंजला विचारा. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात. पुन्हा भरलेल्या पुंगळ्यांच्या गोळ्या नवशिक्यानं घेऊ नयेत. ‘प्लस पी’ म्हणजे ३५,००० ऐवजी ३८,५०० पीएसआयपर्यंत दाब. पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर नको, आणि सरावाला तर नकोच.

घरासाठी पोकळ टोकाची गोळी वेगळी ठेवतात. ती शरीरात पसरते म्हणून पलीकडे कमी जाते, हे खरं. पण इथल्या घरांच्या भिंती विटांच्या नाहीत. जिप्समच्या पाट्यांतून पोकळ टोकाची गोळीही आरपार जाते, टोकात भुसा भरला की ती साध्या गोळीसारखीच वागते. पलीकडच्या खोलीत कोण झोपतं याचा विचार गोळीच्या जातीवर सोपवू नका. या महागड्या गोळ्यांपैकी निदान पन्नास आपल्या पिस्तुलातून झाडून बघा. आणि रोज काढ-घाल करताना एकच गोळी पुन्हा पुन्हा नळीमागच्या खोलीत ढकलू नका. ठोके बसून गोळीच्या टोकाचं शिसं पुंगळीत आत सरकतं, जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढतो. शेजारच्या नव्या गोळीशी उंची ताडून बघा, बुटकी दिसली तर बाजूला काढा.

प्रश्न: नवं, स्वस्त पिस्तूल. पहिल्या शंभर गोळ्यांत सहा वेळा अडकलं. परत करू? (रॉली)

लगेच नको. कारखान्यातून येताना पिस्तुलात गंज धरू नये म्हणून लावलेलं चिकट वंगण असतं. बरेच जण ते न पुसताच रेंजवर जातात. खोलून पुसा, पट्ट्यांवर प्रत्येकी एक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगाला पातळ हात. गोळीला ठोका देणारी टाचणी जिथून सरकते त्या भोकात तेल अजिबात नको, तिथे राळ साचून ठोका हलका पडतो. ग्लॉक, एसडी९, टॉरस जी३, कानिक ही खोलण्याआधी चाप ओढावा लागतो. गोळीची खोली दोनदा तपासल्याशिवाय तो ओढायचा नाही. घरातल्या अपघाती गोळ्या बऱ्याचदा याच क्षणी सुटतात.

मग मॅगझिनांवर एक, दोन असे आकडे लिहा आणि कोणती अडचण कोणात आली ते टिपा. सहाच्या सहा एकाच मॅगझिनमध्ये असतील तर दोष पिस्तुलाचा नाही. पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकत असेल तर बहुतेक वेळा मनगट ढिलं आहे: चौकट स्थिर राहिली नाही की स्लाइडचा जोर वाया जातो. दोन्ही हात मुठीवर उंच, मनगटं कडक, आणि अनुभवी माणसाला त्याच गोळ्या झाडायला द्या. त्याच्या हातात चाललं तर उत्तर मिळालं. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड अडकत नसेल तर तुमचा अंगठा तिच्या खटक्यावर टेकतो आहे. तीनशे गोळ्यांनंतरही, दोन मॅगझिनं आणि दोन कंपन्यांच्या गोळ्या वापरून अडचण तीच राहिली, तर कंपनीकडे पाठवा.

गोळी उजव्या हाताच्या माणसाची खाली डावीकडे जाते, तेव्हा लोक नेमाच्या खुणा बदलायला धावतात. तो दचका आहे. मित्राला मॅगझिनमध्ये दोन खोट्या गोळ्या मिसळायला सांगा. खोटी आली की नळीचं तोंड खाली डुंबताना तुम्हालाच दिसेल. औषध एकच: रोज दहा मिनिटं, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या पिस्तुलावर कोरा सराव. फुकट आहे.

दोन बिघाडांत मात्र हात थांबलाच पाहिजे. चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर तोंड समोरच ठेवून तीस सेकंद थांबा, गोळी उशिरा पेटू शकते. म्हणूनच टॉरसचा दुसरा ठोका घाईनं देऊ नये. आणि आवाज ‘ठो’ ऐवजी ‘फुस्स’ आला, धक्का जाणवलाच नाही, तर शिसं नळीत अडकलं असेल. मॅगझिन काढा, खोली रिकामी करा, नळी आरपार दिसेपर्यंत पुढची गोळी नाही. अंगठीसारख्या रेघेच्या नळ्या इथेच तयार होतात.

प्रश्न: सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर चालेल का? (एडिसन)

नाही. नऊ वर्षांचं मूल दिवाळीच्या चकल्यांचा डबा जिथून काढतं तिथून पिस्तूलही काढेल. दुकानदाराला हँडगनबरोबर कुलूप द्यावंच लागतं. तारेचं असेल तर ते मॅगझिनच्या पोकळीतून आत आणि पुंगळीच्या झरोक्यातून बाहेर घालायचं. त्यावर पोलादी पेटी, आणि ती पेटी तारेनं किंवा स्क्रूनं पलंगाला वा भिंतीच्या खांबाला बांधलेली. सुटी पेटी म्हणजे चोराला मूठ लावून दिलेलं पिस्तूल. यांत्रिक बटणांची पेटी महाग पडते पण बॅटरी संपत नाही. बोटाच्या ठशाच्या स्वस्त पेट्या टाळा. २०२३-२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं अशा अनेक पेट्या परत मागवल्याचं जाहीर केलं, कारण नोंद न केलेल्या बोटानंही त्या उघडत होत्या. किल्ली देवघरात ठेवू नका, ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. आकडा म्हणून मुलांची जन्मतारीखही नको.

रेंजवरून आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी हात थंड पाण्यानं साबण लावून धुवा, बूट बाहेर काढा. शिशाची धूळ कपड्यांवर येते.

प्रश्न: महाराष्ट्रात परवाना काढून नऊ एमएम घेता येईल का? (नाशिक)

नाही. भारतात नऊ एमएम हे निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. ते पोलीस आणि लष्कराचं. तुम्ही पोलिसांच्या कमरेला बघता ते इशापूरच्या कारखान्यातलं ऑटो पिस्तूल नऊ एमएम १ए ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीचं आहे. सामान्य परवान्यावर लोक साधारणपणे ०.३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, म्हणजे नाशिक शहरात राहत असाल तर आयुक्तालयात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं आणि परवाना पाच वर्षांचा. कारण पटेल असं मांडावं लागतं. ‘आवड’ एवढ्यावर मिळत नाही.

आवडच असेल तर दहा मीटर एअर पिस्तूल घ्या. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली हवाई शस्त्रं परवान्याशिवाय घेता येतात. स्पर्धेचं स्टायर किंवा मोरिनी लाखाच्या वर जातं, म्हणून पहिले सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा. नेम, श्वास आणि चाप यांचं शिक्षण तेच, आणि छर्रा गोळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

प्रश्न: रेंजची सॅक सामानात घेऊन पुण्याला जायचं आहे. पिस्तूल अर्थातच नाही. चालेल ना? (प्लेनो)

ती सॅक घेऊ नका. कोपऱ्यात विसरलेली एक गोळी भारतीय विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात सापडली तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. मुद्दाम नेली नव्हती हे न्यायालयात सिद्ध होऊ शकतं, पण तोवर सुट्टी संपलेली असते. रिकामी पुंगळीही प्रश्न उभे करते. रेंजची सॅक रेंजचीच, प्रवासाची वेगळी. जॅकेटचे आणि जीन्सचे खिसेही उलटून बघा. रेंजवर उडालेली गरम पुंगळी कॉलरमधून आत जाते आणि थेट मुंबईला उतरते.